‘बरं आहे’ म्हणजे नेमकं किती?

१. रिपोर्ट चांगला, मग मला बरं का वाटत नाही?

समजा, जुन्या पनवेलमध्ये एक काकू राहतात. वय साठीला टेकलेलं. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या बोटांची पेरं सुजू लागली. सकाळी उठल्यावर मूठ वळेना, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागे. ‘वात आहे, तेल चोळा’ इथून निघालेली वाट वर्षभराने संधिवाताच्या डॉक्टरांपर्यंत पोचली. औषधं सुरू झाली, गुणही आला. आता दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं आणि फाइल घेऊन दवाखान्यात जायचं, असा शिरस्ता पडला आहे. (काकू माझ्या कल्पनेतल्या आहेत. पण कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर त्या तुम्हाला भेटतील.)

आजचा रिपोर्ट छान आला आहे. डॉक्टर बोटं दाबून बघतात, मनगटं वाकवून बघतात.

“काकू, कशी आहे तब्येत?”

“बरी आहे.”

डॉक्टर समाधानाने तीच औषधं पुढे चालू ठेवतात. काकू बाहेर येतात, रिक्षाच्या दांड्याला धरून कशाबशा आत चढतात आणि मुलीला म्हणतात, “रिपोर्ट चांगला आला म्हणे. मग मला बरं का वाटत नाही गं?”

दाराच्या आत ‘बरी आहे’, दाराबाहेर ‘बरं वाटत नाही’. काकू खोटं बोलल्या का? मुळीच नाही. आपल्याकडचा ‘बरं’ हा शब्दच मोठा लबाड आहे. ताप उतरला की ‘बरं वाटतंय’. मुलाचा निकाल ‘बरा लागला’, म्हणजे फारसा सांगण्यासारखा नाही. निरोप घेताना ‘बरंय मग’, आणि नाइलाजाने ऐकायचं असलं की ‘बरं बाई’. या एका शब्दात दहापैकी तीनही मावतात आणि नऊही. डॉक्टरांच्या कानावर नऊ पडले असतील आणि काकूंच्या मनात चार असतील, तर दोघांचं संभाषण झालं खरं, पण माहिती पोचलीच नाही.

माणसाला स्वतःची तब्येत कशी वाटते हे मोजता येतं का? आणि मोजलं तर त्या मापावर विश्वास ठेवावा का? गेल्या पन्नास वर्षांत संधिवाताच्या डॉक्टरांनी या प्रश्नावर जेवढं डोकं खाजवलं आहे, तेवढं फार थोड्या शाखांमध्ये कुणी खाजवलं असेल. कारण त्यांच्याकडे दुसरा मार्गच नव्हता. मधुमेहाला साखर आहे, रक्तदाबाला पट्टा आहे. संधिवाताला असा एकच एक आकडा नाही.

२. हा संधिवात कुठला?

मराठीत ‘संधिवात’ म्हटलं की गुडघ्यांची झीजही त्यात येते आणि काकूंचा आजारही. दोन्ही वेगळे. झीज म्हणजे बिजागरी वापरून वापरून खडखडू लागणं. काकूंना आहे तो ‘रुमॅटॉइड आर्थ्रायटिस’. यात शरीराची राखण करणारी प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. राखणदाराने घरच्याच माणसांवर काठी उगारावी, तसं. अस्तर सुजतं, सांधा गरम होतो, आणि वेळीच आवर घातला नाही तर हाडाची कड कुरतडली जाऊन बोटं वाकडी होतात. पुरुषांपेक्षा बायकांत हा आजार दोन ते तीन पट जास्त दिसतो. सकाळचा आखडलेपणा ही त्याची ठळक खूण. झिजलेला गुडघा उठल्यावर काही मिनिटांत सैल होतो, या आजारात मात्र तासभर, कधी त्याहून जास्त वेळ हात ‘आपले’ वाटत नाहीत.

पनवेलमध्ये या आजाराला ‘आमवात’ म्हणणारे पुष्कळ. गावात १८७२पासून धूतपापेश्वरचा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना आहे, त्यामुळे काढे, गुग्गुळ आणि वाताचे प्रकार हे इथल्या घरगुती बोलण्यातले शब्द. माधवनिदान या जुन्या ग्रंथात आमवाताचं स्वतंत्र वर्णन आहे आणि त्यातली काही लक्षणं रुमॅटॉइडशी जुळतातही. तरी दोन्ही नावं एकमेकांवर तंतोतंत बसवू नयेत. या प्रकरणात ‘संधिवात’ म्हणजे रुमॅटॉइड एवढं धरून चालू.

३. भिगवणने आधी विचारलं, मग तपासलं

पुण्याहून सोलापूरच्या वाटेवर, उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी भिगवण आहे. हौशी लोक तिथे रोहित पक्षी बघायला जातात. वातविकारांच्या अभ्यासकांना मात्र ते वेगळ्याच कारणासाठी माहीत आहे. १९९६ साली पुण्याच्या सेंटर फॉर रुमॅटिक डिसीजेसच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी तिथे घरोघरी पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटना आणि वातविकारतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांच्या ‘कॉपकॉर्ड’ या कार्यक्रमाचा ती भाग होती.

या पाहणीची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. पथक गावात रक्ताच्या बाटल्या घेऊन शिरलं नाही. आधी प्रत्येक घरात जाऊन प्रौढ माणसांना विचारलं, तुमचं कुठे दुखतं का? माणसाच्या आकृतीचं चित्र समोर ठेवून दुखणारी जागा दाखवायला सांगितली. ज्यांनी ‘दुखतं’ म्हटलं, त्यांची सविस्तर विचारपूस झाली आणि मग तज्ज्ञांनी त्यांना तपासलं. चार हजारांवर प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के माणसांनी हाडं, सांधे, स्नायू यांचं काही ना काही दुखणं सांगितलं. रुमॅटॉइड संधिवात निघाला तो सुमारे अर्ध्या टक्क्यात. दिल्लीजवळच्या खेड्यांत डॉ. ए. एन. मालवीय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत (१९९३) हे प्रमाण ०.७५ टक्के होतं.

अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण एक लाख प्रौढांच्या गावात तो पाचशे माणसांचा होतो, आणि पनवेल एक लाखाच्या कितीतरी पुढे गेलं आहे.

म्हणजे गावातला आजार शोधायची पहिली चाळणी हीच होती: माणसाचं स्वतःचं सांगणं. पाहणीला जे चाललं, ते दवाखान्यात का चालू नये?

४. दहा सेंटिमीटरची रेघ

सर्वांत साधं साधन म्हणजे कागदावर ओढलेली एक आडवी रेघ. लांबी बरोबर १० सेंटिमीटर. डाव्या टोकाला ‘अगदी उत्तम’, उजव्या टोकाला ‘अगदी वाईट’. रुग्णाला सांगायचं, ‘संधिवाताचा तुमच्यावर जो काही परिणाम होतो तो सगळा लक्षात घेऊन, आज तुम्ही कुठे आहात तिथे खूण करा.’ मग पट्टी लावून डावीकडून अंतर मोजायचं. खूण ६.२ सेंटिमीटरवर असेल तर आकडा ६.२. आजकाल बरेच जण रेघ न काढता नुसतं ‘शून्य ते दहापैकी किती?’ असं विचारतात.

आता गंमत बघा. शाळेत पट्टी-पेन्सिल हाताळलेल्या माणसाला ही रेघ सोपी वाटते. पण ज्या बाईने आयुष्यात कधी आलेख पाहिला नाही, तिला दुखणं आडवं का झोपवलंय, हेच कळत नाही. कुणी रेघेच्या मधोमध खूण करून मोकळं होतं. कुणी दोन खुणा करतं, एक हातांची आणि एक गुडघ्यांची. काही प्रश्नावल्यांमध्ये उजवं टोक ‘उत्तम’ असतं आणि काहींमध्ये ‘वाईट’, म्हणून एकाच दिवशी दोन कागद भरणारा माणूस गोंधळतो. चूक त्याची नसते.

आपल्याकडे याला एक देशी तोड फार पूर्वीपासून आहे, ती म्हणजे आणे. ‘रुपयातले आठ आणे गुण आला’, ‘चार आणे दुखणं राहिलंय’ असं सांगणारी माणसं अजून भेटतात. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली आणि सोळा आण्यांचा रुपया हिशेबातून गेला. आपल्या काकूंचा जन्म त्यानंतरचा. तरी आई-सासूच्या तोंडून ऐकलेले आणे त्यांच्या जिभेवर आहेत, आणि रेघेवर खूण करायला कचरणाऱ्या काकू आण्यांत मात्र बिनचूक उत्तर देतात.

पण इथेच एक खाच आहे. ‘बारा आणे फरक आहे’ हे उत्तर आधीच्या तुलनेत आलेलं असतं. रेघ विचारते ती आजची जागा. सहा वर्षांपूर्वी काकू दहापैकी नऊवर होत्या आणि आज पाचवर आहेत, तर त्यांना फरक मोठा वाटणारच. तरीही पाच म्हणजे पाचच. गाव शंभर किलोमीटर दूर होतं, त्यातले साठ कापले, याचा आनंद खराच, पण चाळीस अजून चालायचे आहेत. ‘फरक किती?’ आणि ‘आज किती?’ हे दोन निराळे प्रश्न आहेत, आणि दवाखान्याच्या घाईत ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. रुग्ण एकाचं उत्तर देतो, कागदावर दुसऱ्याचं लिहिलं जातं.

५. भाकरी थापता येते का?

रेघ सांगते, कसं वाटतं. दुसरा प्रश्न असतो, काय जमतं. स्टॅनफर्डच्या डॉ. जेम्स फ्राइझ आणि सहकाऱ्यांनी १९८० साली ‘हेल्थ असेसमेंट क्वेश्चनेअर’ प्रसिद्ध केलं. त्याला सगळीकडे ‘हॅक’ म्हणतात. वीस रोजची कामं, आठ गटांत वाटलेली. प्रत्येक कामाला शून्य ते तीन गुण: सहज जमतं तर शून्य, थोडा त्रास होतो तर एक, फार त्रास होतो तर दोन, जमतच नाही तर तीन.

कल्पना झकास. पण कामांची यादी अमेरिकेतली. ताटातलं मांस कापता येतं का, दुधाचा नवा खोका उघडता येतो का, टबमध्ये बसून अंघोळ करता येते का, मोटारीचं दार उघडता येतं का, व्हॅक्यूम क्लीनर फिरवता येतो का. हे प्रश्न पनवेलच्या काकूंना विचारले तर त्यांची निम्मी उत्तरं ‘कधी केलंच नाही’ अशी येतील. आणि ज्या गोष्टीसाठी त्या रोज सकाळी रडकुंडीला येतात, ती यादीत असणारच नाही: उकिडवं बसणं.

म्हणून भारतातल्या डॉक्टरांनी यादी बदलली. डॉ. अशोक कुमार, डॉ. मालवीय आणि सहकाऱ्यांनी दिल्लीत बारा प्रश्नांचं भारतीय हॅक तयार करून २००२ साली प्रसिद्ध केलं. त्यात शौचाला उकिडवं बसणं किंवा मांडी घालून बसणं आलं, रिक्षात चढणं-उतरणं आलं, भाजीबाजार आला, नळ फिरवणं आणि जिना चढणं आलं, तीन किलोमीटर चालणं आलं. डॉ. चोप्रा यांच्या पुण्याच्या केंद्रानेही इथल्या सवयींना धरून आपली वेगळी आवृत्ती केली.

हिशेब अगदी सोपा आहे. बारा प्रश्नांचे गुण मिळवायचे आणि बाराने भागायचं. काकूंची बेरीज १५ आली, तर १५ भागिले १२, म्हणजे १.२५. सहा महिन्यांनी बेरीज ९ आली, तर ०.७५. अर्ध्या गुणाने आकडा खाली आला. हे खरंच सुधारणं म्हणायचं, की कागदावरचा खेळ? मूळ हॅकच्या बाबतीत साधारण ०.२२ इतका बदल झाला तर रुग्णाला स्वतःला फरक जाणवतो, असं आढळलं आहे. तो मापदंड परदेशी रुग्णांवरून आलेला, म्हणून डोळे मिटून घेऊ नये. पण अर्धा गुण त्याच्या दुपटीहून जास्त आहे. काकूंच्या दिवसात तो कुठेतरी दिसायलाच हवा. बहुतेक नळाशी किंवा जिन्यावर दिसेल.

माझी मात्र एक तक्रार राहते. या यादीत भाकरी नाही. तांदळाची उकड मळणं, ती तळहाताने थापून तव्यावर टाकणं, कुकरचं झाकण फिरवणं, सांडशीने पातेलं उतरवणं, चादर पिळणं, कोळंबी सोलणं. रायगडातल्या बाईचं मनगट नेमकं कशाने दुखतं, हे या कामांइतकं स्पष्ट कुठलाही नळ सांगणार नाही. प्रश्नावली सगळ्या देशात चालवायची तर प्रत्येक तालुक्याचा स्वयंपाक तिच्यात भरता येणार नाही, हे मला कळतं. पण काकूंनी स्वतःच्या वहीत स्वतःचं ‘भाकरी माप’ ठेवायला कुणाची हरकत असणार?

एकत्र कुटुंबातली आणखी एक अडचण. ‘कपडे पिळता येतात का?’ ‘सून पिळते.’ या उत्तरातून काहीच कळत नाही. काकूंना जमत नाही म्हणून सून पिळते, की सून आहे म्हणून काकूंवर वेळच येत नाही? मूळ हॅकमध्ये दुसऱ्याची मदत लागते का हे मुद्दाम विचारतात आणि लागत असेल तर गुण वाढवतात. आपल्याकडे पुढचा प्रश्न विचारायलाच लागतो, ‘सून माहेरी गेली की काय करता?’ आणि हा प्रश्न सून शेजारी बसलेली असताना विचारू नये, एवढं तारतम्य कुठलीही प्रश्नावली शिकवत नाही.

६. एका आकड्याने घर बदललं

रुग्णाचा आकडा घेतला, पण डॉक्टर त्याचं करतात काय? तो इतर आकड्यांत मिसळतात. मिसळायच्या रीती बऱ्याच आहेत. त्यातली कॅल्क्युलेटरशिवाय जमणारी एक बघू. व्हिएन्नाचे डॅनियल अलेताहा आणि योसेफ स्मोलेन यांनी २००५ साली सुचवलेल्या ‘सीडीएआय’मध्ये नुसती बेरीज आहे. अठ्ठावीस सांध्यांपैकी दाबल्यावर दुखणारे किती, सुजलेले किती, रुग्णाने दहापैकी दिलेला आकडा आणि डॉक्टरांनी दहापैकी दिलेला आकडा. चारही मिळवायचे. २.८पर्यंत आजार निवलेला, १०पर्यंत कमी, २२पर्यंत मध्यम, त्यावर तीव्र.

काकूंचे दुखरे सांधे दोन, सुजलेला एक. डॉक्टरांच्या मते आजार दहापैकी दोन. काकूंनी स्वतःला दोन दिले तर बेरीज सात, आजार ‘कमी’ या घरात. काकूंनी सहा दिले तर बेरीज अकरा, आजार ‘मध्यम’. बोटं तीच, रक्त तेच. काकूंच्या एका आकड्याने घर बदललं. मध्यम घरातल्या रुग्णाचं औषध वाढवायचं का, हा प्रश्न डॉक्टरांपुढे लगेच उभा राहतो, म्हणून हे घर बदलणं नुसतं कागदी नाही.

त्या अठ्ठावीस सांध्यांत काय येतं तेही बघून ठेवा. दोन्ही खांदे, कोपरं, मनगटं, गुडघे आणि हातांच्या बोटांचे वीस सांधे. घोटे नाहीत. पावलंही नाहीत. मोजायला सोपं जावं म्हणून ती सोडली आहेत. पण संधिवात पावलांत हमखास शिरतो. सकाळी पहिलं पाऊल टाकताना खडे टोचल्यासारखं वाटतं, हे डॉक्टरांच्या मोजणीत कुठेच येत नाही. ते येऊ शकतं फक्त काकूंनी दिलेल्या आकड्यातून. रक्तातही ते दिसेलच असं नाही. ईएसआर म्हणजे नळीत उभं ठेवलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसल्या, ते माप. गढूळ पाणी कळशीत ठेवल्यावर गाळ बसतो तसं. अंगात दाह असला की पेशी लवकर बसतात. एक-दोन सांध्यांच्या सुजेने तो हलेलच याची खात्री नाही, आणि वय वाढलं की तो आपोआपही थोडा वाढतो.

‘आजार पूर्ण निवला’ असं केव्हा म्हणायचं, यावर तर रुग्णाच्या आकड्याने मोठा वाद घडवला. अमेरिकेच्या आणि युरोपच्या वातविकार संघटनांनी २०११ साली मिळून एक कडक व्याख्या केली: दुखरा सांधा फार तर एक, सुजलेला फार तर एक, सीआरपी हा रक्तातला दाहाचा आकडा एकपर्यंत, आणि रुग्णाचा आकडाही दहापैकी एकपर्यंत. तीन अटी सहज पार करणारे कितीतरी रुग्ण चौथ्या अटीवर अडकू लागले. सूज नाही, रक्त स्वच्छ, पण माणूस म्हणतो ‘दोन’. काही संशोधक म्हणाले, हा आकडा व्याख्येतून काढूनच टाका, तो आजाराबद्दल सांगतच नाही. दुसरे म्हणाले, ज्याच्यासाठी हा खटाटोप चालला आहे त्यालाच बाहेर काढायचं? शेवटी २०२२मध्ये मर्यादा एकवरून दोनवर आणली आणि आकडा व्याख्येत राहिला. मला दुसऱ्या पक्षाचं पटतं. पण पहिल्या पक्षाच्या म्हणण्यातही तथ्य आहे, ते कसं ते बघू.

७. काकूंच्या ‘सहा’त काय काय दडलंय?

डॉक्टर आकडा देतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे सूज आणि रक्त असतं. रुग्णाच्या आकड्यात मुख्यतः वेदना असते, आणि तिच्या मागे थकवा. हा थकवा दिवसभराच्या कामाने येणारा शीण नव्हे. रात्रभर झोपूनही सकाळी अंगात वाळू भरल्यासारखं वाटतं. संधिवाताची मापं ठरवणाऱ्या ‘ओमेरॅक्ट’ या आंतरराष्ट्रीय मंडळाची पहिली बैठक १९९२मध्ये झाली. रुग्णांना मात्र टेबलाशी बसवलं गेलं २००२ साली, ऑस्ट्रेलियातल्या बैठकीत. रुग्णांनी तिथे सांगितलं की तुम्ही थकवा मोजतच नाही. डॉक्टरांच्या यादीत तो ठळकपणे नव्हताच. पुढे २००६च्या बैठकीत थकवा मोजायलाच हवा असं ठरलं.

त्यानंतर युरोपात दहा देशांतल्या रुग्णांना विचारून ‘रेड’ नावाचं माप तयार झालं. त्यात सात गोष्टी आहेत आणि कुणाला किती वजन द्यायचं हेही रुग्णांच्याच मतावरून ठरलं. वेदनेला शंभरातले २१, कामं करण्यातल्या अडचणीला १६, थकव्याला १५, आणि झोप, शरीराला एकूण कसं वाटतं, मनाला कसं वाटतं, आजाराशी कसं जमवून घेता या चौघांना प्रत्येकी १२. वेदना आणि कामातली अडचण मिळून ३७च होतात. उरलेले ६३ दवाखान्यात क्वचितच कुणी विचारतं.

म्हणजे काकूंचा ‘सहा’ हे बंद पुडकं आहे. उघडून बघितल्याशिवाय त्यावर औषध द्यायचं नाही. आत सांध्यांची सूज असेल, तर संधिवाताचं औषध वाढवणं योग्य. जुन्या आजाराने वाकडी झालेली बोटं किंवा वयाने झिजलेला गुडघा असेल, तर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या वाढवून ते सरळ होणार नाही. झोप उडाली असेल, मन खचलं असेल, तर त्याचे उपाय वेगळे. पहिला पक्ष म्हणत होता ते हेच: आकडा मोठा दिसला की औषध वाढवत सुटाल. पण म्हणून आकडा काढून टाकला तर पुडकं आहे हेच कळणार नाही.

८. अंगावर काढणारी माणसं

आतापर्यंत आपण आकडा जास्त येण्याची चर्चा केली. आपल्याकडे खरी अडचण तो कमी येण्याची आहे. मराठीत एक वाक्प्रचार आहे, दुखणं ‘अंगावर काढणं’. मुलांची परीक्षा होईपर्यंत, लग्नसराई संपेपर्यंत, लावणी उरकेपर्यंत दुखणं अंगावर काढलं जातं, आणि काढणारी बहुधा बाई असते. तिला विचाराल तर ‘बरं आहे’.

याचं सगळ्यांत हादरवणारं उदाहरण बंगालमधलं आहे आणि ते अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी लोकांपुढे आणलं. तिथल्या मोठ्या दुष्काळानंतर, १९४४ साली, कोलकात्याजवळच्या सिंगूरमध्ये तब्येतीची पाहणी झाली होती. विधुर पुरुषांपैकी ४८.५ टक्के म्हणाले, आम्ही आजारी आहोत किंवा तब्येत यथातथा आहे. विधवांमध्ये असं म्हणणाऱ्या होत्या २.५ टक्के. त्या काळच्या बंगालमध्ये विधवांच्या वाट्याला येणारं जेवण आणि जगणं आठवलं, तर त्या विधुरांपेक्षा वीसपट धडधाकट होत्या असं कोण म्हणेल? आपली तब्येत हा काही सांगण्याचा विषय आहे, असंच त्यांना वाटत नसावं. सेन यांनीच २००२ साली दुसरी विसंगती दाखवली: आयुर्मानात पुढे असलेल्या केरळात लोक आजार जास्त सांगतात, आणि मागे असलेल्या बिहारमध्ये कमी. शिक्षण आणि दवाखाना जवळ आला की माणसाला आपलं दुखणं दुखणं म्हणून ओळखू येतं.

त्यामुळे दोन वेगळ्या माणसांचे आकडे समोरासमोर ठेवून ‘हिचा सहा, तिचा तीन, म्हणजे हिला जास्त त्रास’ म्हणणं धोक्याचं. त्याच माणसाचा मागचा आकडा आणि आताचा आकडा यांची तुलना त्या मानाने भरवशाची. त्यातही मापाची पट्टी ताणली जाते. आजार जुना झाला की माणूस जमवून घेतो. पूर्वी ‘आठ’ वाटणारी सकाळ आता ‘पाच’ वाटते, कारण आठ म्हणजे काय हे मधल्या एखाद्या वाईट पावसाळ्याने नव्याने शिकवलेलं असतं. म्हणून रेघेला एकटं सोडत नाहीत. तिच्या जोडीला हॅकसारखी कामांची यादी हवी. मन जमवून घेईल, पण नळ फिरतो की नाही हे फारसं जमवून घेता येत नाही.

९. मग हा आकडा खरा किती?

शंका रास्त आहे: इतक्या गोष्टींनी हलणारा आकडा मोजमाप कसलं? याचं उत्तर पुढे काय घडतं ते बघून मिळतं. अमेरिकेतल्या थिओडोर पिंकस आणि सहकाऱ्यांनी ७५ संधिवाती रुग्णांचा नऊ वर्षं मागोवा घेऊन १९८४ साली निष्कर्ष मांडले. रोजची कामं किती जमतात यासारख्या साध्या मापांत जे सुरुवातीला फार मागे होते, त्यांच्यात पुढे मृत्यूचं प्रमाणही जास्त निघालं. संधिवात ‘नुसता दुखतो, मारत नाही’ ही समजूत तेव्हापासून डळमळली. सर्वसाधारण लोकांबद्दल एलेन आयडलर आणि याएल बेन्यामिनी यांनी १९९७मध्ये २७ अभ्यास एकत्र पाहिले. ‘तुमची तब्येत एकंदर कशी आहे?’ या एका प्रश्नाचं उत्तर, इतर माहिती हिशेबात धरल्यावरही, माणूस किती जगेल याच्याशी जवळजवळ सगळ्या अभ्यासांत जोडलेलं होतं. आजी म्हणायची, ‘ज्याचं त्याला कळतं’. ते अगदीच चुकीचं नव्हतं.

पिंकस पुढे ‘रॅपिड-३’ या मापापर्यंत आले. त्यात सगळे आकडे रुग्णाचेच: कामं, वेदना आणि एकूण तब्येत, प्रत्येकी दहापैकी, बेरीज तीसपैकी. ३पर्यंत आजार निवलेला, १२च्या वर तीव्र. ना सुई, ना सांधे दाबणं. बाकावर नंबरची वाट बघताना भरून होतं. तालुक्याच्या टोकाहून एसटी आणि मग रिक्षा करून येणाऱ्या माणसासाठी याचं मोल वेगळं सांगायला नको.

१०. काकूंची वही

घरी वहीत आकडे लिहायचे ते दर आठवड्याला एकच दिवस, एकच वेळ. सकाळी उठल्यावर आणि दुपारी जेवणानंतर घेतलेले आकडे एका रांगेत लिहायचे नाहीत, कारण या आजारात सकाळ आणि दुपार ही दोन निराळी गावं आहेत. तीन ओळी पुरतात: एकूण त्रास दहापैकी किती, थकवा दहापैकी किती, आणि मूठ वळायला सकाळी किती वेळ लागला. चौथी ओळ हवी असेल तर भाकऱ्यांची: न थांबता किती थापल्या. आकडा एकदम वर गेला की शेजारी दोन शब्द लिहायचे. ‘लग्नाला उभी होते.’ ‘झोप नाही.’ ‘गोळी चुकली.’ आकड्याइतकंच ते दोन शब्द डॉक्टरांच्या कामाला येतात. वही बघून औषध स्वतःच कमी-जास्त करायचं मात्र नाही.

तीन महिन्यांनी काकू पुन्हा दवाखान्यात. या वेळी मुलगी बाहेर बसली आहे.

“काकू, कशी आहे तब्येत?”

“बरी आहे.”

“बरी म्हणजे, सुरुवातीपेक्षा किती फरक?”

“बारा आणे तरी आहे हो.”

“आणि आज दहापैकी त्रास किती?”

काकू वही उघडतात, चष्मा सावरतात. “सहा,” त्या म्हणतात. “पण त्यातले चार पायाचे आहेत. पाय तुम्ही अजून बघितलेच नाहीत.”

डॉक्टर दोन्ही आकडे लिहितात आणि काकूंना चपला काढायला सांगतात.